पांढरा गुलाब झडीत कुजू नये आणि थंडीत अडू नये म्हणून: इंदूरच्या बागेसाठी टप्प्याटप्प्याने

कळी रंग दाखवते, आठवडाभर तशीच राहते, बाहेरच्या पाकळ्या तपकिरी होऊन एकमेकींना चिकटतात आणि शेवटी कळी न उमलताच मान टाकते. जुलै-ऑगस्टच्या झडीत आणि पुन्हा डिसेंबर-जानेवारीतल्या मावठ्यानंतर (थंडीतल्या अवकाळी पावसानंतर) इंदुरातल्या बहुतेक पांढऱ्या गुलाबांचं हेच होतं. मग दुकानातून बुरशीनाशक आणून फवारलं जातं, आठ दिवस बरे जातात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

चूक क्रमात आहे. आधी मुळाशी साचणारं पाणी काढायचं, मग झाडात हवा खेळवायची, मग कळीवरचा ओलावा कमी करायचा, आणि औषध सगळ्यात शेवटी. पहिली तीन कामं झाली नसतील तर चौथ्यावर खर्च करू नका. लाल-गुलाबी गुलाबालाही हेच रोग होतात, पण त्यांच्यावर डाग लपतो. पांढऱ्यावर मोहरीएवढा ठिपकाही लांबून दिसतो.

## टप्पा १: निचरा तपासणे (मे)

माळव्याची काळी माती मे महिन्यात भेगाळलेली असते. तेव्हा ओतलेलं पाणी भेगांतून सरसर खाली जातं आणि आपली समजूत होते की निचरा उत्तम आहे. पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांत ही माती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी जागच्या जागी थांबतं. म्हणून तपासणी ओल्या मातीवर करायची.

१. ४५ सेंमी खोल आणि ३० सेंमी रुंद खड्डा खणा.
२. आदल्या दिवशी तो दोन-तीनदा काठोकाठ भरून जिरू द्या.
३. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा आणि काठीवर खूण करून मोजा. तासाला साधारण अडीच सेंमी पाणी उतरलं तर जागा चालेल.
४. बारा तासांनीही तळाला पाणी दिसत असेल तर तिथे खड्ड्यात गुलाब लावू नका.

सावधान: अशा जागी खोल खड्डा घेऊन त्यात शेणखत-कोकोपीटचं भुसभुशीत मिश्रण भरणं ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. भोवतालची चिकण माती पाणी सोडत नाही, मिश्रण मात्र सगळं पाणी ओढून घेतं. तुम्ही झाडासाठी हौद बांधलेला असतो. पानं पिवळी पडतात, मालक पाणी कमी पडलं समजून आणखी पाणी घालतो आणि ऑगस्टअखेर झाड हातात उपटून येतं. मुळं काळी पडलेली आणि आंबूस वासाची असतात.

उपाय जमिनीच्या वर आहे. ३० सेंमी उंच आणि ९० सेंमी रुंद वाफा करा. विटांचा काठ असेल तर तळाच्या थरात दर दोन विटांनंतर बोटभर फट ठेवा. मिश्रण असं घ्या: काळी माती चार भाग, वर्षभर कुजलेलं शेणखत तीन भाग, जाडसर चाळलेला मुरूम तीन भाग. थोडीशी बारीक रेती टाकून काळी माती सुधारत नाही, वाळल्यावर उलट जास्त घट्ट होते. वाफ्याखालची जमीन कुदळीने वीतभर उकरून मगच मिश्रण टाका, नाहीतर दोन थरांच्या मधोमध पाणी अडतं.

गच्चीवर कुंडी असेल तर १२ ते १४ इंची घ्या. पावसाळ्यात खालची ताटली काढून ठेवा आणि कुंडी विटांच्या तुकड्यांवर उचला. कोकोपीट पावसाळ्यात कमीच बरं, ते ओलावा धरून ठेवतं. दोन लिटर पाणी ओता. मिनिटभरात खालून धार आली नाही तर भोक बुजलेलं आहे.

## टप्पा २: जात निवडणे

पाकळ्या जितक्या जास्त आणि जितक्या पातळ, तितकी कळी पावसात चिकटण्याची शक्यता जास्त.

आइसबर्ग गुच्छाने फुलतो. त्याच्या पाकळ्या सैल असतात, त्यामुळे ओला असतानाही तो उघडतो. पानांवर मात्र त्याला काळे ठिपके लवकर येतात, हे धरूनच तो लावायचा. एका दांडीवर एक मोठं फूल हवं असेल तर पास्कली घ्या. पाकळी घट्ट आणि पावसाला टिकणारी, त्यामुळे मोठ्या फुलाच्या पांढऱ्या जातींत पावसासाठी ही निवड मला सर्वांत भरवशाची वाटते. फुलवाल्याच्या दुकानात दिसणारे ठासून भरलेल्या कळीचे पांढरे गुलाब पॉलिहाउससाठी असतात. उघड्या अंगणात पावसाळ्याचे तीन महिने त्यांची फुलं बघण्यासारखी राहत नाहीत.

नर्सरीत जानेवारीत गेलात तर प्रत्येक पांढरा गुलाब देखणा दिसेल. ऑगस्टमध्ये, दोन दिवस पाऊस पडून गेल्यावर जा. त्या दिवशी जे झाड उघडलेलं फूल दाखवतं, ते तुमचं.

लावताना कलमाची गाठ मातीच्या ५ सेंमी वर ठेवा. जागा सकाळचं ऊन मिळणारी हवी. पूर्वेची बाजू असेल तर पावसाळ्यात पानं आणि हिवाळ्यात दव लवकर वाळतं. फक्त दुपारनंतरचं ऊन मिळणाऱ्या जागी झाड दहा-अकरा वाजेपर्यंत ओलं राहतं आणि रोग तिथूनच सुरू होतो. दोन झाडांत ७५ सेंमी अंतर ठेवा, पसरणाऱ्या आइसबर्गला ९० सेंमी.

## टप्पा ३: पावसाआधीची हलकी छाटणी (जूनचा पहिला पंधरवडा)

इंदुरात पाऊस बहुधा जूनच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास स्थिरावतो. त्याआधी एवढं उरका:

१. सुकलेल्या, पेन्सिलीपेक्षा बारीक आणि आत वळलेल्या फांद्या काढा. झाडाचा मध्य मोकळा दिसला पाहिजे. उंची जास्तीत जास्त एक चतुर्थांश कमी करा. जोरदार छाटणी आता नको. नव्या कोवळ्या फुटीवर पाऊस पडला की काळे ठिपके ठरलेलेच.
२. जमिनीपासून २० ते २५ सेंमीपर्यंतची पानं खुडा. मातीतून उडणारे थेंब रोगाचे बीजाणू आधी याच पानांवर नेतात.
३. बुंध्यापासून १० सेंमी जागा सोडून वाळल्या पानांचं चार-पाच सेंमी आच्छादन घाला. बुंध्याला टेकलेलं आच्छादन साल कुजवतं.
४. युरिया थांबवा. नत्र जास्त झालं की फांदी आणि पाकळी दोन्ही लुसलुशीत होतात आणि कळ्या कुजवणाऱ्या राखाडी बुरशीला आयतं खाद्य मिळतं.

तपासणी: पहिल्या पावसानंतर दोन-तीन रात्री टॉर्च घेऊन झाड बघा. सकाळी पानं कुरतडलेली आणि दिवसा कीड दिसत नाही, तर बहुधा हुमणीचे भुंगेरे आहेत. रात्री आठ ते दहाच्या दरम्यान फांदी हलवून ते साबणाच्या पाण्यात पाडा. फवारणी लागत नाही.

## टप्पा ४: पाऊस चालू असताना

आठवड्यातून एकदा, उघडीप असताना, हाच क्रम ठेवा. जमिनीवर पडलेली पानं आणि पाकळ्या गोळा करा. ठिपक्यांची पानं देठासकट खुडा. उमललेली जुनी फुलं खालच्या पहिल्या सशक्त पाच पानी पानापर्यंत (एका देठावर पाच छोटी पानं असलेल्या) कापा. कात्री दर झाडानंतर स्पिरिटने पुसा. गोळा केलेला कचरा घरच्या कंपोस्टमध्ये टाकू नका, तिथे बीजाणू मरतील एवढी उष्णता बहुधा तयार होत नाही. सकाळच्या कचरागाडीत ओल्या कचऱ्यात द्या.

काळ्या ठिपक्यांची बुरशी रुजायला पान सलग सातेक तास ओलं राहावं लागतं. संध्याकाळी वरून पाइपने पाणी मारणारा माणूस ही वेळ रोज भरून देतो. पाणी द्यायचंच असेल तर सकाळी आणि बुंध्याशी.

पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तोही नव्या पानांवर, असं दिसलं तर तो रोग नाही. चुनखडीयुक्त काळी माती, त्यात साचलेलं पाणी, आणि बोरिंगचं जड पाणी असेल तर विचारूच नका: झाडाला लोह उचलता येत नाही. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवून पानांवर फवारा, दहा दिवसांनी पुन्हा. उमललेल्या फुलांवर उडू देऊ नका, पांढऱ्या पाकळीवर गंजासारखे डाग राहतात. मात्र निचरा न सुधारता हे फवारे मारत राहिलात तर पिवळेपणा परत येईल.

## टप्पा ५: झड लागली की कळ्यांचं काय करायचं

चिकटण्याची क्रिया अशी होते. बाहेरच्या पाकळ्या भिजतात, मध्येच ऊन पडून त्या वाळतात आणि एकमेकींना चिकटून कळीभोवती कवच तयार होतं. आतली पाकळी वाढत असते, पण कवच फुटत नाही. आत ओल कोंडते, राखाडी बुरशी शिरते. तिला गारवा आणि दमट हवा आवडते, त्यामुळे ऑगस्टची झड आणि जानेवारीचा मावठा दोन्ही तिला मानवतात.

हवामान खात्याने दोन-तीन दिवसांची झड सांगितली असेल तर:

१. ज्या कळीची हिरवी दलं खाली वळली आहेत आणि बाहेरची एक पाकळी सुटली आहे, ती कापून घरात बादलीत ठेवा. ती घरात उमलेल. दलं अजून घट्ट मिटलेली कळी कापू नका, ती पाण्यात उमलत नाही.
२. गुच्छाच्या जातीत मधली सर्वांत मोठी कळी खुडा. ती आधी कुजते आणि बाजूच्या कळ्यांना रोग देते.
३. जुलैत लावलेल्या नव्या झाडाच्या सगळ्या कळ्या मोहरीएवढ्या असतानाच खुडा. पहिल्या पावसाळ्यात फूल घेण्याचा मोह टाळा, झाडाला आधी मुळं हवीत.
४. पाऊस थांबला की दांडी धरून हलकेच हलवा आणि फुलांतलं पाणी झटका.

कवच धरलेली कळी वाचवता येते, पण वेळ थोडा असतो. कळी दोन बोटांत धरून हलकी दाबा. आत टणक आणि भरलेली लागली तर बाहेरच्या दोन-तीन तपकिरी पाकळ्या टोकाकडून देठाकडे अलगद सोला. आतली स्वच्छ पांढरी पाकळी दिसली की थांबा. दाबल्यावर मऊ लागली किंवा देठाशी राखाडी लव दिसली तर दांडीसकट कापून टाका.

चार-सहा झाडांवर छप्पर करायचं असेल तर २०० मायक्रॉनची पारदर्शक यूव्ही शीट (ऊन सोसणारं प्लॅस्टिक) घ्या. झाडाच्या माथ्यापासून किमान ६० सेंमी वर, एका बाजूला उतार देऊन ताणा आणि चारही बाजू उघड्या ठेवा. बाजूही बंद केल्या तर पाऊस अडतो, पण दमटपणा वाढतो आणि कळ्या त्यानेच कुजतात.

### डाग कसला आहे ते ओळखा

पाकळीवर बारीक गुलाबी ठिपके, काहींना गडद कड: राखाडी बुरशीची सुरुवात. कळीच्या बाहेरच्या पाकळ्यांवर किंवा त्यांच्या कडेला सलग, फिकट गुलाबी झाक: थंड रात्रींचा परिणाम. आइसबर्गवर ही झाक हिवाळ्यात नेहमी दिसते, काही करायचं नसतं. पाऊस नाही, दव नाही आणि तरी कडा तपकिरी: फूल पांढऱ्या कागदावर आपटा. सुईच्या टोकाएवढे पिवळसर-तपकिरी किडे पळताना दिसले तर ते फुलकिडे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पांढऱ्या आणि फिक्या फुलांवर ते हमखास येतात. त्यांच्यासाठी बुरशीनाशक मारणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं.

## टप्पा ६: फवारणी

वरची कामं झाली असतील तरच. प्रमाण दर लिटर पाण्याला, पण पाकिटावरचं प्रमाण वेगळं असेल तर तेच पाळा.

काळ्या ठिपक्यांसाठी मॅन्कोझेब २ ग्रॅम, दहा ते बारा दिवसांनी हेक्झाकोनॅझोल (५ टक्के) १ मिली. दोन्ही आळीपाळीने वापरा. एकच औषध सतत मारलं तर बुरशी त्याला सरावते. राखाडी बुरशीसाठी कार्बेन्डाझिम १ ग्रॅम, तेही लागोपाठ दोनपेक्षा जास्त वेळा नाही. पावसाळ्यात द्रावणात चिकटद्रव्य मिसळा आणि त्यानंतर किमान चार-पाच तास उघडीप मिळेल अशी वेळ निवडा. पानाच्या खालच्या बाजूलाही फवारा पोचला पाहिजे. हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. पूजेला किंवा गुलकंदाला वापरायच्या फुलांच्या झाडावर ही औषधं नकोत.

सावधान: मॅन्कोझेबची पिवळट पूड आणि तांब्याच्या औषधांचा निळसर थर पांढऱ्या पाकळीवर स्पष्ट दिसतो. उमललेली फुलं आधी कापून घ्या, मग फवारा.

## टप्पा ७: ऑक्टोबरची मुख्य छाटणी

पाऊस परतून सलग आठ-दहा दिवस कोरडे गेले की छाटणी करा. इंदुरात हे बहुधा १० ते २० ऑक्टोबरच्या दरम्यान येतं. घाई केली आणि परतीचा पाऊस कापांवर पडला तर फांदी वरून खाली काळी पडत जाते. उशीर केला तर फुलं ऐन कडाक्यात अडकतात. छाटणीनंतर सहा ते सात आठवड्यांत पहिला बहर येतो, म्हणजे दत्तजयंतीच्या हारासाठी पांढरी फुलं हवी असतील तर हाच पंधरवडा योग्य.

मोठ्या फुलाच्या जातीच्या चार-पाच सशक्त फांद्या ठेवून त्या ४० ते ४५ सेंमीवर कापा. आइसबर्गची फक्त वरची एक तृतीयांश उंची काढा, जास्त कापलं तर गुच्छ कमी येतात. काप बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या ५-६ मिमी वर आणि तिरका. कापलेल्या जागी मधला गर पांढरा-हिरवट दिसला पाहिजे. तपकिरी दिसला तर आणखी खाली जा.

कापांवर लगेच बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा. १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात प्लॅस्टिकच्या भांड्यात रात्रभर विरघळवा. १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरात विरवून गार करा. मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ढवळत ओता. त्यात लोखंडी सुरी मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, थोडा वाढवा. त्याच दिवशी वापरा, उरलेली ठेवू नका.

छाटणीआधी मुळं आठ-दहा दिवस उघडी करण्याची जुनी पद्धत काळ्या मातीत मी सुचवणार नाही. ओली माती उकरताना बारीक मुळं तुटतात आणि त्यातून फायदा काहीच नाही. वरची ५ सेंमी माती खुरप्याने मोकळी करा, बास. मग दर मोठ्या झाडाला ३ किलो शेणखत, १०० ग्रॅम निंबोळी पेंड आणि ५० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट. हाडांचा चुरा इथे वाया जातो, कारण अल्कधर्मी मातीत त्यातला स्फुरद झाडाला मिळतच नाही म्हटलं तरी चालेल. नवे फुटवे दोन-तीन सेंमीचे झाले की १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विद्राव्य खत) दर लिटरला ५ ग्रॅम मिसळून एक-दोन लिटर पाणी बुंध्याशी द्या. पंधरा दिवसांनी पुन्हा.

## टप्पा ८: थंडीचे महिने

इंदूरची थंडी गुलाबाला मारत नाही. ती त्याला संथ करते. रात्रीचं तापमान १० अंशांखाली राहिलं की कळी उमलायला जास्त दिवस लागतात, बाहेरच्या पाकळ्यांवर हिरवट झाक येते. झाड अडलंय असं समजून युरिया टाकू नका. पाणीही कमी लागतं: वाफ्यात बोटाचं दुसरं पेर जाईपर्यंत माती कोरडी लागली की मगच, सकाळी.

या दिवसांतला खरा शत्रू भुरी. तिला पानावर पाणीसुद्धा लागत नाही. उबदार दिवस, गार दमट रात्र आणि गर्दीची फांदी एवढं पुरतं. कोवळी पानं मुडपतात, कळीच्या देठाला पांढरी पूड दिसते. पाण्यात विरघळणारं गंधक २ ग्रॅम प्रति लिटर, सकाळी, पूड दिसताच पहिल्याच दिवशी. दिवसाचं तापमान ३२ अंशांवर जात असेल तर गंधक नको, पानं भाजतात.

## टप्पा ९: मावठा आणि पाला (गोठलेलं दव) पडण्याची रात्र

मावठ्याचा अंदाज आला की टप्पा ५ मधली कळ्यांची कामं तशीच करा, फक्त जास्त तत्परतेने. पावसाळ्यात दोन सरींत ऊन मिळतं, मावठ्यानंतर ढग आणि धुकं राहून झाड दोन-दोन दिवस ओलं राहतं. पाऊस थांबताच कार्बेन्डाझिमचा एक फवारा इथे सार्थकी लागतो.

मावठा गेल्यावर आकाश निरभ्र होतं, वारा पडतो आणि पारा ४-५ अंशांपर्यंत घसरतो, तेव्हा पानांवरचं दव गोठण्याची भीती असते. पान भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतं, म्हणून हवा शून्यावर जायची वाट पाहू नका. त्या संध्याकाळी:

१. माती कोरडी असेल तर बुंध्याशी पाणी द्या. ओली माती दिवसाची ऊब रात्री हळूहळू सोडते. संध्याकाळी पाणी देण्याची मुभा फक्त या रात्रीपुरती, आणि पानांवर थेंबही नको.
२. काठ्यांच्या आधाराने जुनी सुती साडी किंवा शेडनेट झाडावर टाका, कडा जमिनीपर्यंत. प्लॅस्टिक वापरायचंच असेल तर पानांना टेकू देऊ नका, जिथे टेकतं तिथेच पान भाजतं.
३. गच्चीवरच्या कुंड्या भिंतीला लावून एकत्र ठेवा.
४. सकाळी ऊन अंगावर आलं की, नऊच्या आत, आच्छादन काढा.

दुसऱ्या दिवशी शेंडे काळे दिसले तर कात्री लगेच उचलू नका. आठ-दहा दिवस थांबा, जिवंत फांदी कुठपर्यंत आहे ते नव्या डोळ्यांवरून कळेल, आणि तिथेच काप घ्या. खत त्यानंतर, रात्री पुन्हा १० अंशांवर राहू लागल्या की, आणि तेही निम्म्या मात्रेने.